पिलाटीसने दम वाढतो का?

टेकडीवाला:
सहा महिने पिलाटीस (श्वासाच्या तालावर पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम) केलं, आठवड्याला तीन तास. पाठदुखी गेली, बुटाची नाडी बांधताना 'आई गं' निघत नाही, हे आधीच कबूल करतो. पण क्लासच्या ताई म्हणतात, "आता वेगळं कार्डिओ, म्हणजे दमाचा व्यायाम, नको." इथे माझं घोडं अडतं. वय ४७. नाडीची कमाल २२० वजा ४७ म्हणजे मिनिटाला १७३, त्याचे ६४ ते ७६ टक्के म्हणजे साधारण १११ ते १३१ ठोके, हा मध्यम व्यायामाचा पट्टा. क्लासमध्ये माझं घड्याळ बहुतेक वेळ पंच्याण्णवच्या आसपास. 'हंड्रेड' नावाच्या प्रकाराला ११८ झालं, की ताई पुढचा प्रकार समजावून सांगेपर्यंत पुन्हा खाली. रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलो. पूर्वी जिथे धाप लागायची, तिथेच लागली.

मधुरा_कोथरूड:
२२० वजा वय हे ढोबळ गणित, दहा-बारा ठोके सहज इकडचे तिकडे होतात. आणि हंड्रेडमध्ये मान-खांदे उचलून, पाय हवेत धरून, हात शंभर वेळा वर-खाली चाललेले असताना मनगटावरचं घड्याळ काय डोंबल मोजणार? माझी आई ६८ वर्षांची. गुडघ्यांमुळे चालणं बंदच होतं. चार महिने चटईवरचं पिलाटीस केलं, आता दोन मजले न थांबता चढते. बैठी माणसं पिलाटीस करू लागली की त्यांची व्हीओटू मॅक्स, म्हणजे प्राणवायू वापरायची कमाल क्षमता, वाढते असं काही अभ्यासांतही दिसलंय.

टेकडीवाला:
आईंना नमस्कार सांगा. पण बसून राहिलेल्या माणसाचा दम कशानेही वाढतो. मी आधीपासून थोडाफार चालणारा. माझ्यासारख्याचं काय?

बरगडी:
फिजिओ आहे म्हणून मध्ये पडते. तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींना दम म्हणताय. पोट आत धरून बरगड्या बाजूला फुलवत श्वास घ्यायचा, याने श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू कामाला लागतात, छाती मोकळी होते. हा फायदा खरा आहे. पण पर्वतीवर निरोगी माणूस अडतो तो सहसा फुफ्फुसांमुळे नाही. हृदय दर ठोक्याला किती रक्त ढकलतं आणि मांड्या त्यातला प्राणवायू किती उचलतात, यावर गाडी अडते. ते सुधारायला नाडी बराच वेळ सलग चढती ठेवावी लागते. साधं पिलाटीस ३ मेटच्या आसपास (निवांत बसल्यावर शरीर खर्च करतं ती ऊर्जा म्हणजे १ मेट), झपझप चालणं ४ च्या वर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि *शिवाय* दोन दिवस स्नायूंचा. पिलाटीस मी त्या 'शिवाय'मध्ये धरते.

कुजका_शेंगदाणा:
जोसेफ पिलाटीस (जन्म १८८३, जर्मनी) लहानपणी दम्याने बेजार होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नजरकैदेत टाकलं, तिथेही व्यायाम सोडला नाही. मात्र सिगारही सोडली नाही, गेले १९६७ साली. बाकी आमचे सूर्यनमस्कार फुकट आहेत, एवढंच सुचवतो.

मधुरा_कोथरूड:
फुकट तर चालणंही आहे. जून ते सप्टेंबर किती जणांचे बूट गॅलरीत वाळत पडतात ते बघा. क्लासचे पैसे भरले की माणूस जातो! आणि बरगडीताई, मेटचा आकडा थांबत-थांबत केलेल्या पिलाटीसचा असणार. आमच्याकडे एका प्रकारातून दुसऱ्यात न थांबता जातात, चाळीस मिनिटं. घाम चटईवर टपटपतो.

बरगडी:
घाम पंखा बंद असला तरी येतो. बोलून बघा: वाक्य पूर्ण होतंय पण गाणं म्हणता येत नाही, अशी अवस्था वीस मिनिटं टिकली तर मी माझं म्हणणं मागे घेते.

टेकडीवाला:
ठरलं. दोन दिवस क्लास, तीन दिवस टेकडी, आणि छातीला पट्टा लावून मोजतो. दोन महिन्यांनी इथेच आकडे टाकीन.

मधुरा_कोथरूड:
आकडे राहू द्या. दोन महिन्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी या, मी आईला घेऊन येते. ती पुढे गेली तर धाग्याचं शीर्षक तुम्ही बदलायचं.