टाइपफेस आणि फाँट: दोन्हींना ‘टंक’च?

कागदकाम:
डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. ‘आधी टाइपफेस ठरवा, मग त्यातला फाँट’ या वाक्यावर अडले. टाइपफेस म्हणजे अक्षरांचं रूप, फाँट म्हणजे त्या रूपाचा ठरावीक जाडीचा, आकाराचा संच. दोन्हीकडे ‘टंक’ लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला: ‘टंक म्हणजे टाइपरायटर ना?’

जुळारी:
माझ्या वडिलांनी नारायण पेठेत छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. टंक हा शब्द तिथे कधी ऐकला नाही. ‘हे पाइका ब्लॅकमध्ये घे’ म्हटलं की आकारही आला, जाडीही आली. तोच तुमचा फाँट. मुळात फाँट हा ओतकामातला फ्रेंच शब्द आहे, शिसं ओतून केलेल्या खिळ्यांचा संच. वापरात आहे तो राहू द्या.

शुद्धमती:
वापरात आहे म्हणून सगळंच ठेवायचं, तर मराठीने नवं काही घडवायचंच नाही का? टंक म्हणजे छिन्नी. त्यावरून पाथरवटाची टाकी, टांकसाळ, देव्हाऱ्यातले टाक, लिहायचा टाकसुद्धा. घडवणं आणि ठसा, दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत.

जुळारी:
टाकीचं, टांकसाळीचं पटतं. लिहायचा टाक त्यातलाच कशावरून?

तिरका बोरू:
टाइपफेसला ‘वळण’ म्हणा. अक्षराचं वळण आपण शाळेपासून म्हणतो. फाँटला टंक ठेवा, म्हणजे दोन गोष्टींना दोन शब्द झाले. आणि कागदकाम, पुस्तिकेत सेरिफ-सॅन्ससेरिफवर (अक्षराच्या टोकांना छोट्या रेघा असलेले आणि नसलेले) सगळा भर देऊ नका. ती रोमन लिपीची विभागणी. देवनागरीत शिरोरेषा आहे, बोरूचा काप रोमनच्या उलट, त्यामुळे जाड-बारीकही वेगळ्या जागी पडतं. वळण निवडताना ‘कर्तृत्व’, ‘दुसऱ्याची’, ‘लक्ष्मी’ हे शब्द लावून बघायला सांगा. ऱ्या तुटतो का, ऋकार खालच्या ओळीला भिडतो का, बारीक आकारात क्ष बुजतो का, हे तिथे कळतं. नुसतं ‘कखग’ सगळ्यांचंच छान दिसतं.

पेठकर:
‘लक्ष्मी’ लावाच, म्हणजे ल कोणता येतो तेही दिसेल! लक्ष्मी रस्त्यावरच्या नव्या पाट्या बघा, निम्म्यांवर हिंदी वळणाचा ल. शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श, म्हणजे मराठी वळणाचे, ठरवून दिले, तरी हे चाललंय.

जुळारी:
पाटीवाल्याचा दोष नाही. बऱ्याच फाँटांत दोन्ही रूपं असतात, मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली नाही तर हिंदीचं रूप येतं.

पेठकर:
मग मराठी रूपच आधी का नाही? ज्याच्या गावात पाटी, त्याचा ल.

शुद्धमती:
ल दोन्ही देवनागरीचेच आहेत. शब्दांत परकं चालवून घेता आणि ल साठी एवढा आग्रह?

पेठकर:
शब्द बोलताना विरतो. अक्षर मुलं पाटीवरून गिरवतात. माझी नात हिंदी श काढते, तिच्या बाई तो खोडतात.

कागदकाम:
पुस्तिका गुरुवारी छपाईला जाते. टाइपफेसला वळण लिहू की टंक?

तिरका बोरू:
वळण. पेठकर, तो श बाईंनी खोडायला नको होता, दोन्ही वाचता आले पाहिजेत.

पेठकर:
वाचता येणं वेगळं, लिहायला शिकवणं वेगळं. पहिलीच्या वर्गात एकच श हवा.