पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर

शाळेत आम्हाला बालकवींची 'औदुंबर' होती. आठच ओळी, शेवटची 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. औदुंबर म्हणजे उंबर, हे बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. तरी माझ्या मनात धोतर गुडघ्यापर्यंत खोचून बसलेला, कुणाशी न बोलणारा एक म्हातारा होता. पुढे कॉलेजात तिच्यावरचे जडजड लेख वाचले, पण म्हातारा काही उठला नाही.

लहानपणी एखादी कविता तुम्हाला अशी भलतीच कळली होती का? सांगा. रसग्रहण नको, ते दहावीत झालंय.

•

विंदांचा 'एटू लोकांचा देश'. तो तिबेटाच्या जरा खाली आणि हिमालयाच्या जरा वर आहे, असा चक्क पत्ताच दिलाय. मी तिसरीत. ताईचा नकाशासंग्रह उघडून बोट फिरवत बसलो, तर तिथे नुसता तपकिरी रंग. रडकुंडीला आलो. बाबा म्हणाले, "छापायचा राहिला असेल. आपलं गाव तरी कुठाय त्यात?" खरंच नव्हतं. झालं, एटू लोक आहेतच अशी माझी खात्री पटली. नकाशात न मावलेले आम्ही दोघे!

•

इंदिरा संतांची 'गवतफुला'. त्यातला मुलगा फुलाकडे बघताबघता पतंग विसरतो, मित्रालाही विसरतो. आमच्या दादाचा एकच प्रश्न : मग मांजा कुणाच्या हातात? अजूनही ती ऐकताना मला फुलापेक्षा पतंगाचीच धाकधूक.

•

मी बीड जिल्ह्यातला. 'मामाच्या गावाला जाऊया' वर्गात सगळे ताल धरून म्हणायचे. आमचा मामा आमच्याच टोळीत ऊस तोडायचा, म्हणजे मामाचं गाव शेजारच्या कोपीत, झोपडीत. शिकरण कसली? दिवाळीच्या पुढेमागे मुकादमाचा ट्रक आला की शाळा सुटायची ती उन्हाळा लागेपर्यंत. ही कविता आपल्यासाठी नाही, एवढं तेव्हाच कळलं. राग नव्हता, पण तोंड उघडायचो नाही.

मग बहिणाबाईंची 'खोप्यामधी खोपा' आली. मला खोपा आणि कोपी एकच वाटले. पाचटाची आमची कोपीही वाऱ्याने हलायचीच की! 'तिचा पिलामधी जीव, जीव झाडाले टांगला' या ओळीवर गुरुजी समजावत होते की हे शब्दशः घ्यायचं नसतं. माझी धाकटी बहीण तेव्हा फडाच्या बांधावर बाभळीला बांधलेल्या झोळीत असायची. आई मोळी बांधताना दर दोन मिनिटांनी मान वर करून तिकडे बघायची. मी गुरुजींना काही बोललो नाही.

•

वरचं वाचून थांबलेच जरा. माझं किरकोळ आहे. जळगावहून भुसावळला जाताना भादली स्टेशन आलं की आजी हात जोडायची. मला वाटायचं तिथे देऊळ असणार, म्हणून मीही जोडायचे. खिडकीतून कळस शोधायचे. खूप नंतर कळलं, १९१८ साली बालकवी तिथेच मालगाडीखाली गेले, अठ्ठाविशीही पुरी झाली नव्हती. 'बालकवी' हे नावही जळगावातच मिळालेलं, १९०७ च्या कविसंमेलनात. आजीला त्यांची फक्त 'आनंदी आनंद गडे' येत होती, तीही अर्धी.

•

न्यू जर्सीत रविवारच्या मराठी वर्गाला शिकवते. मागच्या आठवड्यात मुलांना 'औदुंबर' वाचून दाखवली आणि चित्र काढायला सांगितलं. बहुतेकांनी झाड काढलं, गुगलवर बघून. एका सात वर्षांच्या मुलीने झाडाशेजारी काठावर दोन चपला काढल्या होत्या. म्हटलं, या कुणाच्या? तर म्हणाली, "त्याच्याच. भिजतील ना!"