मदत हवी आहे: धूम्रपान कक्षासाठी लागणाऱ्या 30 आसनांत अंगणातली टेबलं मोजतात का?

पुण्यात भाड्याच्या जागेत छोटं कॅफे आहे. आत 24 खुर्च्या, मागच्या अंगणात 10, वर पत्र्याची शेड, दोन बाजू उघड्या. संध्याकाळची मंडळी अंगणात सिगारेट ओढू द्या म्हणून मागे लागतात. बाजूच्या टेबलावर लहान मुलं असली की पालक उठून जातात. दोघंही गिऱ्हाईकंच!

2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि त्याखालचे नियम वाचले. 30 किंवा जास्त आसनांच्या उपाहारगृहाला स्वतंत्र धूम्रपान कक्ष करता येतो, पण चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि धूर थेट बाहेर टाकणारी सोय हवी. 2017 पासून तिथे चहासुद्धा द्यायचा नाही. म्हणजे खर्च करून नुसती धुराची खोली.

धूम्रपानबंदीचा फलक लावलाय, अ‍ॅशट्रे काढल्यात. परवान्याचं काम बघणारा एजंट म्हणतो, "उघडं आहे, चालतं." मला पटत नाही. हुक्का, दारू, सिगारेटविक्री काहीच नाही. घरमालक नवी भिंत बांधू देणार नाही.

तपासणीला तोंड दिलेल्यांनी सांगा: अंगणातल्या 10 खुर्च्या धरून 34 आसनं मानतात का? आणि अर्धवट उघडी शेड उपाहारगृहाचाच भाग धरून दंड करतात का?