डावा कान अचानक बंद, आत सतत शिट्टी. नस की नळी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ५२, राहणार फोंड्याजवळ, मधुमेह आहे (गोळ्यांवर).

गेल्या महिन्यात एका सकाळी उठलो तो डावा कान ठप्प. रात्री झोपताना ठीक होता. दुखणं नाही, ताप नाही, थोडी सर्दी होती इतकंच. फोन डाव्या कानाला लावला तर पलीकडचा बोलतोय की नाही तेच कळेना. जवळच्या दवाखान्यात टॉर्च मारून पाहिलं. मळ नाही, पडदा चांगला, सर्दीने युस्टेशियन नळी (कानापासून घशात जाणारी) बसलीय, म्हणाले. वाफ घ्या, नाकात स्प्रे मारा, सुटेल. पण चोर्ला घाटात बसलेला कान एका जांभईने मोकळा होतो. हा ढिम्म!

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्या आठवड्याच्या भजनाला बसलो तर पांढरी दोन उजव्या कानात बरोबर आणि डाव्या कानात उतरलेली, वर चिरकी. एकच पट्टी दाबतोय आणि दोन सूर ऐकतोय. झांजा तर डोक्यात घुसत होत्या. ज्या कानाला ऐकू येत नाही त्यालाच मोठा आवाज सोसत नाही, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी तडक बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठलं. तिथे डॉक्टरांनी चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून कपाळावर मधोमध टेकवला. आवाज उजवीकडे ऐकू आला. म्हणाले, नळीचा दोष असता तर तो बंद कानाकडे गेला असता. चांगल्या कानाकडे गेला म्हणजे नसेचा मामला. पडद्यामागच्या दाबाची तपासणी नॉर्मल, ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीत) मात्र वरच्या पट्ट्या साफ खाली. त्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. आता त्या कमी करत आणल्यात. खालचे आवाज बरेच परतले, वरचे नाहीत. साखर मात्र चढली.

आता पडद्यातून कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायला सांगतात, शिवाय एमआरआय. कोणी घेतलंय का हे इंजेक्शन? आणि त्या शिट्टीचं काय करू? दिवसा निभतं. रात्री पंखा बंद केला की कुकर लावल्यासारखं होतं.

प्रतिसाद (मडगाव)

भाऊ, मी घेतलंय. मुंगी चावावी इतपत दुखतं. औषध गार असेल तर क्षणभर गरगरतं, म्हणून कोमट करून द्यायला सांगा. नंतर कान वर करून अर्धा तास पडून राहायचं आणि शक्यतो गिळायचं नाही, कारण गिळलं की औषध त्याच तुमच्या नळीतून घशात उतरतं! मधुमेहात हे गोळ्यांपेक्षा बरं, साखर तितकी चढत नाही. पण दिवस घालवू नका. स्टेरॉइडचा खरा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत. गोळ्यांनी पुरतं भागलं नाही तर इंजेक्शन साधारण दोन ते सहा आठवड्यांच्या आत देतात.

एमआरआय टाळू नका. बहुतेकांचा स्वच्छ येतो, पण थोड्या जणांत ऐकण्याच्या नसेवर साधी (कॅन्सरची नव्हे) गाठ निघते आणि ती कधीकधी अशीच अचानक कान बंद करून कळते.

शिट्टीसाठी पंखा चालूच ठेवा, किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज शिट्टीपेक्षा जरा हळू लावा. पूर्ण बुडवायला जाऊ नका, मेंदूला तिची सवय व्हायला हवी. जिंकोच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) कॅप्सूल कोणी सुचवतील, पैसे वाचवा. आणि नाक दाबून जोरात फुंकर मारणं बंद करा, नळीचा दोष नाहीच म्हणतात ना? पेटी सोडू नका, फक्त झांजवाल्याला उजवीकडे बसवू नका. चांगला कान जपायचाय.

मूळ धागाकर्ता

ताई, देव बरें करूं. झांजवाला माझा मेहुणा, हलवणं कठीण आहे, बघतो. इंजेक्शनची तारीख उद्याच मागून घेतो, साखरेच्या डॉक्टरांनाही आधी दाखवतो. एमआरआय होऊन रिपोर्ट आला की इथेच लिहीन.