पार्ल्यातील टॅप नृत्याची कार्यशाळा: सभागृहाच्या फरशीबाबत

प्रेषक: कार्यवाह
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या सुट्टीत परदेशातील आपल्या मंडळाची बारा कुटुंबे मुंबईत असतील. त्यांच्या आणि पार्ले-अंधेरी भागातील नृत्यवर्गांच्या मुलांसाठी टॅप नृत्याची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासाभराचा कार्यक्रम करावा, असे कार्यकारिणीत ठरले आहे. विलेपार्ले पूर्वेला एका शाळेचे दुसऱ्या मजल्यावरील सभागृह माफक भाड्यात मिळत आहे. ताई सध्या पार्ल्यातच राहत असल्याने त्यांनी जागा पाहून यावी आणि आगाऊ रक्कम भरावी का, ते कळवावे ही विनंती.

– कार्यवाह

प्रेषक: पार्ल्यातील सभासद

कार्यवाह महोदय, सप्रेम नमस्कार.

आगाऊ रक्कम तूर्त भरू नये.

सभागृह हवेशीर आहे, पंखे चालू आहेत, रंगमंचही बरा आहे. पण जमीन काँक्रीटवर बसवलेल्या गुळगुळीत फरशीची आहे. टॅपच्या बुटांना पंजाखाली एक आणि टाचेखाली एक अशा धातूच्या दोन पट्ट्या असतात, आणि नाद निघतो तो पट्टी आणि जमीन या दोघींचा मिळून. मी बूट बरोबर नेले होते. लाकडावर पंजा आणि टाच यांचे दोन वेगळे, गोल आवाज येतात. इथे सगळेच एकसारखे चिरके ऐकू आले, आणि तिसऱ्या पावलाला मी घसरलेही. दाराशी उभे असलेले शिपाई काका काळजीने म्हणाले, "मॅडम, फरशीवर चरे पडतील." त्यांचे म्हणणे रास्तच होते. त्याहून गंभीर बाब अशी की, काँक्रीट किंचितही दबत नसल्यामुळे प्रत्येक आघात उलटून पायातच शिरतो, आणि दोन दिवस सलग सराव केलेल्या मुलांच्या नडग्या दुखू लागल्या तर कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्यांना उभे करणेही अवघड होईल.

त्यावर उपाय असा की, 18 मिलिमीटर जाडीच्या आणि 8 बाय 4 फुटांच्या सहा प्लायवुडच्या शीट घेऊन, खाली रबरी चटई अंथरून, 16 बाय 12 फुटांची जमीन तयार करावी आणि सांधे चिकटपट्टीने नीट बंद करावेत, म्हणजे बुटाच्या पट्टीची कड त्यांत अडकणार नाही. शाळेने याला लेखी परवानगी दिली, तरच रक्कम भरावी.

बुटांचेही सांगून ठेवते. सर्वांनी नवे महागडे बूट मागवण्याची गरज नाही. कडक तळव्याचे चामडी बूट असतील तर पट्ट्या इथेही बसवून घेता येतात. मी दादरला स्टेशनजवळच्या मोच्याकडे गेले, तेव्हा त्यांना ती नाल वाटली आणि त्यांनी खिळे ठोकायला हातोडी उचललीसुद्धा. पट्टी स्क्रूनेच बसवावी लागते, कारण स्क्रू जरासा सैल-घट्ट करून आवाज जुळवता येतो, हे सांगितल्यावर त्यांनी बूट कानाशी धरला, पट्टी बोटाने वाजवून पाहिली आणि दुसऱ्या बुटाचे स्क्रू स्वतःच जुळवून दिले. वादक माणूस वाया गेला, असे मला वाटले.

– पार्ल्याची ताई

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई, नमस्कार.

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे. तरीही एक शंका विचारतो. ज्या शहरात कथक आणि लावणी शिकवणारी माणसे हाताशी आहेत, तिथे परदेशातून आलेल्या आपल्याच मुलांना आपण अमेरिकन नाच शिकवावा आणि त्यासाठी प्लायवुड विकत घ्यावे, हे मला उलटे वाटते. पायाने ताल वाजवायचाच असेल तर घुंगरू आहेत की!

– तुमचे काका

प्रेषक: पार्ल्यातील सभासद

काका, सादर नमस्कार.

तुमची शंका योग्य आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

टॅप म्हणजे चित्रपटांतील टोपी-काठीचा नाच, ही समजूत अपुरी आहे. साउथ कॅरोलायनात 1739 साली गुलामांनी उठाव केला आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने त्यांच्या ढोल-शिंगांवर बंदी आली. ताल मग हात, मांड्या आणि पाय यांवर जगला. त्याला आयरिश जिग आणि इंग्लंडमधील लाकडी तळव्यांच्या बुटांचा नाच येऊन मिळाला, त्यातून टॅप घडत गेले. मुंबईलाही त्याच्या जोडीचे संगीत परके नाही. अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा जॅझ वाद्यवृंद 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजत होता.

कथकशी याचे वैर तर मुळीच नाही. कोलकात्याहून अमेरिकेत स्थायिक झालेले पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी एकाच रंगमंचावर कितीतरी प्रयोग केले, भारतातही केले; एकाच्या पायात घुंगरू आणि दुसऱ्याच्या पायात बूट, आणि मधे सवाल-जवाब.

गेल्या महिन्यात मी इथल्या एका कथक वर्गातील आठ मुलींना टॅपचे प्राथमिक धडे दिले. तत्कार, म्हणजे कथकचे मूळ पदाघात, पक्का असलेली एक मुलगी 'शफल'पाशी अडली. शफलमध्ये पंजा पुढे आणि मागे घासून दोन आवाज काढायचे असतात, वजन दुसऱ्या पायावर ठेवायचे असते आणि घोटा सैल सोडायचा असतो. तिचा पाय मात्र सवयीने सपाट आणि पूर्ण वजनानिशी पडे. मी तिला सांगितले, "ओल्या पायाची वाळू झटकतेस तसे कर," आणि दोन्ही आवाज सुटे आले. लयीच्या बाबतीत तीच सर्वांच्या पुढे होती. नवशिक्यांना शिकवतात तो 'शिम शॅम' नाच चार-चार मात्रांच्या 32 बारचा असतो, म्हणजे 128 मात्रा, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर आठ आवर्तने. पहिली उचल समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, एक मात्रा आधी होते. सहा बार तीच चाल, मग दोन बारचा तोड, जो दुसऱ्या आवर्तनाच्या खालीपाशी, म्हणजे नवव्या मात्रेपाशी, येतो. हे तिने स्वतः बोटांवर मोजून शोधले आणि इतर मुलींना समजावले.

कार्यक्रमात म्हणूनच पहिला भाग तत्काराचा, दुसरा शिम शॅमचा आणि शेवटी दोन्ही गटांचे सवाल-जवाब, असे सुचवते. घुंगरांचा गट अनवाणी असल्यामुळे त्यांच्या जागेवर स्क्रूचे डोके किंवा खिळा राहिलेला नाही, हे आधी हाताने चाचपून पाहावे लागेल.

– ताई

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

सवाल-जवाब असतील तर तबलजी मी पाहतो. लेहऱ्याला, म्हणजे ताल धरून फिरत राहणाऱ्या धुनेला, हार्मोनियमही लागेल.

प्रेषक: कार्यवाह

शाळेची लेखी परवानगी आज आली. आगाऊ रक्कम भरत आहे. मात्र शाळेच्या लिफ्टमध्ये 8 फुटांची शीट मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर ती अडते, असे कळले. ताईंनी सुताराकडून प्रत्येक शीटचे 4 बाय 4 चे दोन तुकडे करून घ्यावेत. सांधे वाढतील, तेव्हा चिकटपट्टी दुप्पट आणावी.