'इंटेन्शन सेट करणे'ला मराठीत काय म्हणावं?

मात्रावेलांटी: पेरूमधल्या शिपिबो आदिवासी वैदूंच्या आयाहुआस्का (भास घडवणारा वनस्पतींचा काढा) विधीवरचा लेख मराठीत आणतेय. काढा पिण्याआधी प्रत्येकाने 'इंटेन्शन सेट' करायचं असतं. मी 'संकल्प करावा' लिहिलं, संपादकांनी 'हेतू निश्चित करावा' केलं. अर्जातला रकाना वाटतो तो. काय लिहू?

दूर्वा: संकल्पच. अर्थ आणि गांभीर्य दोन्ही आहे.

जुनंपान: संकल्प नको. त्यात करणारा मी असतो. 'करिष्ये' म्हणून पाणी सोडलं की काम अंगावर घेतलं. इथे माणूस मनात धरतो, 'वडिलांशी अबोला का धरलाय ते मला दिसू दे.' हे मागणं झालं. आमची आजी याला कौल लावणं म्हणाली असती.

दूर्वा: कौल उजवा किंवा डावा मिळतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाला तो कसा पुरणार? त्यापेक्षा देवापुढे घालतात तसं 'गाऱ्हाणं घालणं' बरं.

जुनंपान: शहरातला वाचक गाऱ्हाणं म्हणजे तक्रार समजेल.

रानवाट: मुळात ही कल्पना बरीचशी बाहेरून येणाऱ्यांची आहे. जुन्या रिवाजात वैदू स्वतः पिऊन दुखणं शोधायचा, इकारो म्हणजे उपचाराची गाणी गायचा. रोगी बहुधा प्यायचाच नाही. असंच मेक्सिकोत झालं: भास घडवणाऱ्या अळंब्यांनी उपचार करणाऱ्या मारिया साबिनाकडे १९५५ मध्ये अमेरिकन अळंबी-अभ्यासक वासन गेले, त्यानंतर परक्यांची रीघ लागली. तिचंही म्हणणं हेच होतं की आधी लोक आजार बरा व्हावा म्हणून यायचे, देव शोधायला नाही. 'संकल्प' लिहिलंत तर कालची गोष्ट पुरातन वाटेल. माझं मत: 'काय हवंय ते मनाशी धरा.'

मात्रावेलांटी: हे आवडलं, पण शीर्षकात कसं बसवू? तिथे आधीच 'वनस्पती-औषध' आहे.

जुनंपान: ती तर द्विरुक्ती! ओषधी म्हणजेच वनस्पती, त्यावरून औषध.

रानवाट: मनुस्मृतीत फळ पिकलं की मरते ती ओषधी. आयाहुआस्काची वेल वर्षानुवर्षं जगते, काढ्यात जिची पानं पडतात ती चाक्रुना हे झुडूप. त्या हिशेबाने दोन्ही बाद. 'झाडपाल्याचं औषध' म्हणा, सगळ्यांना कळतं.

जुनंपान: सगळ्यांना कळतं म्हणून नेमका शब्द सोडायचा?

दूर्वा: विधीसाठी पाळायच्या 'डिएता'ला मात्र 'पथ्य'च हवं. मीठ, साखर, डुकराचं मांस, शरीरसंबंध वर्ज्य. पथ्य हा शब्द तिथे चपखल बसतो.

काढाचिकित्सक: त्या वर्ज्य गोष्टींत नैराश्यावरच्या गोळ्याही येऊ द्या. वेलीतलं हार्मिन एमएओ हे विकर अडवतं, म्हणून चाक्रुनाच्या पानांतलं डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य पोटात नष्ट न होता रक्तात पोचतं. त्याच कारणाने सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांबरोबर हा काढा जिवावर बेतू शकतो. आणि गोळ्या मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं, डॉक्टरांशी बोलायलाच हवं. शब्द कुठलाही घ्या, एवढं गाळू नका.

दूर्वा: नक्की घ्या. पण 'विकर' कोण बोलतं? 'एन्झाइम' लिहा.

जुनंपान: शाळेच्या पुस्तकात विकरच आहे.