मोबाइल सबस्टेशन कुंपणाबाहेर उभं करायचंय, वेगळं अर्थिंग चालेल का?

फीडर_पॅनल:
नमस्कार मंडळी. आमच्या 33/11 केव्ही सबस्टेशनला 20 एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत, त्यातला एक ओव्हरहॉलला जातोय आणि तोपर्यंत ट्रेलरवरचं 20 एमव्हीएचं मोबाइल सबस्टेशन येणार आहे. यार्डात ट्रेलर वळायलाच जागा नाही म्हणून कुंपणाला लागून बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर उभं करायचं ठरतंय. कंत्राटदाराचं म्हणणं, ट्रेलरपाशी चार रॉड ठोकू, स्वतंत्र अर्थिंग करू, ओहम कमी आला की झालं. मला हे पटत नाहीये पण मीटिंगमध्ये नेमकं कारण मांडता येत नाही. आणि उरलेल्या ट्रान्सफॉर्मरबरोबर पॅरलल चालवायचा विचार आहे, तर त्यात काय काय बघावं? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

अर्थमॅट:
तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे, अजिबात मान्य करू नका. कारण असं, अर्थ फॉल्ट झाला (फेज जमिनीला लागली) की पूर्ण यार्डाची मॅटच, म्हणजे जमिनीत पुरलेली अर्थिंगची जाळी, लांबच्या जमिनीच्या मानाने जास्त व्होल्टेजवर जाते. समजा मॅटचा रेझिस्टन्स 1 ओहम आणि जमिनीत 4 किलोॲम्पियर गेले तर तेवढ्या वेळापुरती मॅट 4000 व्होल्टवर असते. आता ट्रेलरचं अर्थिंग खरंच वेगळं ठेवलं तर एक हात ट्रेलरला आणि दुसरा यार्डाच्या स्ट्रक्चरला लागलेल्या माणसाला त्यातला मोठा हिस्सा बसू शकतो. आणि खरं सांगायचं तर ते वेगळं राहतच नाही, 11 केव्ही केबलचे स्क्रीन (आतलं धातूचं आवरण), कंट्रोल केबलचं आर्मर (बाहेरचं लोखंडी कवच), बॅटरीच्या वायरी हे सगळं मॅटचा व्होल्टेज ट्रेलरपर्यंत घेऊनच येतं, आणि मग फॉल्टचा करंट त्या बारीक स्क्रीनमधून जातो आणि केबल जळते. ओहम कमी आला म्हणजे सेफ झालं हा समज आपल्या फील्डमध्ये फार पसरलाय. माणूस जिथे उभा आहे आणि तो ज्याला हात लावतोय त्या दोन ठिकाणांमध्ये किती व्होल्ट येतात यावर त्याचा जीव अवलंबून असतो, एकट्या रॉडच्या ओहमवर नाही.

त्यामुळे ट्रेलरची चासी यार्डाच्या मॅटला कमीत कमी दोन वेगवेगळ्या ठिकाणी जोडा, म्हणजे एक जोड सैल झाला तरी दुसरा धरतो. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर वेगळ्या ट्रेलरवर असतील तर प्रत्येकाला स्वतःचे दोन. न्यूट्रलला वेगळ्या दोन पट्ट्या. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (फॉल्ट करंटला त्याचा स्वतःचा अडथळा) 10 टक्के धरला तर 11 बाजूला फॉल्ट साधारण 10.5 किलोॲम्पियर येतो, 1 सेकंदासाठी तांबं 60-70 चौरस मिमी लागतं. पण 33 बाजूचा फॉल्ट लेव्हल त्याहून जास्त असेल तर साइज त्यावरून काढायची, हा आकडा आधी मागवून घ्या.

ट्रेलरभोवती मॅट वाढवून घ्या आणि वर खडी टाका. खडीला लोक शोभेचं काम समजतात म्हणून हिशोब देतो. आयईईई 80 (सबस्टेशन अर्थिंगची गाइड) च्या सूत्राने 50 किलोचा माणूस, फॉल्ट 0.5 सेकंदात क्लिअर, माती 100 ओहम-मीटर, तर साध्या मातीवर उभं राहून सुमारे 190 व्होल्टपर्यंतच स्पर्श सहन होतो. तिथेच 10 सेमी खडीचा थर असेल तर सुमारे 680. ऑपरेटर जिथे उभा राहून हँडल फिरवणार तिथे वरून धातूची जाळी टाकून ती हँडललाच बाँड करा (तारेने पक्की जोडा).

मोबाइल सबस्टेशन बसवतानाच्या सुरक्षेसाठी आयईईई 1268 ही वेगळी गाइडच आहे. मीटिंगला ती घेऊन जा, वाद मिटेल.

रिले_बेंच:
अर्थिंगचं वर छान आलंय. मी पॅरललचं लिहितो.

सगळ्यात आधी दोन्ही नेमप्लेटचे फोटो शेजारी ठेवून व्हेक्टर ग्रुप बघा, म्हणजे 33 आणि 11 बाजूच्या व्होल्टेजमध्ये किती अंशांचा फरक पडतो ते. मोबाइल युनिट वेगवेगळ्या ठिकाणी फिरायला बनवलेलं असतं, त्यामुळे ग्रुप तुमच्यासारखाच असेल हे गृहीत धरू नका. 30 अंशांचा फरक असेल तर 11 केव्हीला एकाच नावाच्या दोन फेजमध्ये साधारण 3300 व्होल्ट उभे असतात, कपलर (दोन बस जोडणारा ब्रेकर) लावला की थेट शॉर्टच. काही मोबाइल युनिटमध्ये लिंक बदलून ग्रुप बदलता येतो, तर लिंक आत्ता कुठल्या पोझिशनला आहेत ते डोळ्यांनी बघा, कागदावर विसंबू नका. आणि चार्ज केल्यावर कपलर ऑफ ठेवून फेजिंग प्रत्यक्ष तपासल्याशिवाय पॅरलल नाहीच.

इम्पीडन्सही बघा. तुमचा 10 टक्के आणि मोबाइल 12.5 असेल तर तुमचा 20 एमव्हीएला पोचेल तेव्हा मोबाइल 16 वरच असेल. म्हणजे 40 मिळतील असं धरून लोड प्लॅन करू नका, 36 ला थांबा. शिवाय पॅरललमध्ये 11 केव्ही बसवर दोघांचा फॉल्ट करंट एकत्र येतो, तुमच्या पॅनलच्या ब्रेकरचं रेटिंग तेवढं आहे का? नसेल तर बस सेक्शन उघडा ठेवून वेगवेगळं लोड द्या, माझ्या मते तात्पुरत्या कामात तेच बरं.

एक गोष्ट हमखास राहते ती म्हणजे ऑक्झिलरी सप्लाय. ट्रेलरवर बसवायला ट्रान्सफॉर्मर आटोपशीर केलेला असतो, त्याचं रेटिंग जवळपास पूर्णपणे फॅन आणि ऑइल पंपावर असतं, नुसत्या हवेवर तो फार थोडं लोड घेतो. सप्लाय गेला की टेम्परेचर भराभर चढतं. म्हणून दोन सोर्स आणि ऑटो चेंजओव्हर पाहिजेच, पंप फेल झाल्यावरचा अलार्म आणि ट्रिप सप्लाय मुद्दाम काढून टेस्ट करा. रिले सेटिंग मागच्या साइटचं तसंच राहिलेलं असतं, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) रेशो बघून नव्याने भरा, आणि ट्रिप बटण दाबून ब्रेकर खरंच पडतो का ते बघा, 33 बाजूचाही.

यार्ड_सुपरवायझर:
जमिनीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. मोकळी जमीन म्हणजे भरावाची तर नाही ना? ट्रेलरचं सगळं वजन जॅकवर येतं आणि जॅकचा पाय लहान असतो, पाऊस पडला की एक बाजू खचते आणि बुशिंगवरच्या जंपरला (जोडतारेला) ओढ बसते. खाली स्टीलच्या प्लेटा किंवा लाकडी स्लीपर टाका, लेव्हल रोज बघा. जमिनीखालून जुनी केबल, ड्रेन, पाण्याची लाइन जातेय का ते आधी शोधा.

येताना रस्त्यावरचे पूल, वळणं, वरच्या तारा हा सर्व्हे झालाच पाहिजे. पोचल्यावर इम्पॅक्ट रेकॉर्डरचा ग्राफ काढा आणि धक्का दिसला तर एसएफआरए (आतलं वाइंडिंग हललंय का ते दाखवणारी टेस्ट) करून फॅक्टरीच्या ग्राफशी जुळवा. मेगर (इन्सुलेशनची टेस्ट), रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स, तेलाचं बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज झेलतं ते) तर करायचंच. रेडिएटरचे व्हॉल्व्ह उघडे आहेत का, बुखोल्झ रिलेमधली (तेलात गॅस झाला की इशारा देणाऱ्या) हवा काढली का, हे स्वतः हात लावून बघा. तेल गळलं तर अडवायला ट्रेलरखाली टाकायचे फोल्डिंग बंड (हौदासारखे) मिळतात, एकूण तेलाच्या 110 टक्के मावेल असा घ्या.

11 बाजूला फुल लोडला 1050 ॲम्पियर आहेत, म्हणजे प्रत्येक फेजला एकापेक्षा जास्त केबल लागणार, त्या एकाच लांबीच्या ठेवा नाहीतर आखूड केबल जास्त लोड ओढते. सिंगल कोअर असेल तर तिन्ही फेज एकत्र बांधून न्या, एकटी केबल लोखंडी प्लेटच्या भोकातून नेली की प्लेट तापते. आणि रस्ता ओलांडत असेल तर वर कव्हर पाहिजे.

फीडर_पॅनल:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी एका जागी सांगितलं नव्हतं. अजून एक, ट्रेलरभोवती तात्पुरतं लोखंडी कुंपण करतोय, ते यार्डाच्या जुन्या कुंपणाला येऊन मिळतं. ते अर्थ करायचं की नाही? बाहेरून लोकांची ये-जा आहे.

अर्थमॅट:
लोकांची ये-जा आहे म्हणूनच हे नीट करा. लोखंडी ठेवलंत तर मॅटला बाँड करा आणि मॅटची एक तार कुंपणाच्या बाहेर 1 मीटरवर जमिनीत फिरवा, खडीही बाहेर तेवढीच न्या, कारण हात लावणारा माणूस बाहेरच्या बाजूला उभा असतो. गेट बाहेर उघडत असेल तर ते पूर्ण उघडतं तिथपर्यंत तार आणि खडी न्या. आधी बघा की जुनं कुंपण मॅटला जोडलेलं आहे की स्वतंत्र अर्थ केलेलं. स्वतंत्र असेल तर जोडाच्या जागी मध्ये इन्सुलेटेड पॅनल टाका, दोन्ही एका हाताच्या अंतरात येता कामा नयेत. हे सगळं जमत नसेल तर फायबरचं कुंपण घ्या, जास्त सोपं पडेल.

क्रमाचं म्हणाल तर ट्रेलर जॅकवर आला की पहिलं काम अर्थिंगचं, त्यानंतरच इतर कुठलीही केबल ट्रेलरला लागेल. काढताना अर्थ सगळ्यात शेवटी, दोन्ही बाजू आयसोलेट, टेस्ट आणि डिस्चार्ज झाल्यावर. परमिटवर हा क्रम लिहून घ्या आणि अर्थच्या जोडांवर टॅग लावा, आवराआवरीच्या दिवशी कोणीतरी घाईत पान्हा घेऊन तिथेच जातो.